इंजिनातील ठोका

बेळगावच्या बाजारात गोळा झालेली भाजी गाड्यांत भरली जाते, आणि त्यांपैकी पुष्कळ गाड्या जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाटाने गोव्यात उतरतात. केरी, साखळी ओलांडून म्हापशाच्या किंवा पणजीच्या बाजारात वेळेवर पोचावयाचे, माल उतरवावयाचा आणि रिकाम्या गाडीने तोच घाट चढून परत यावयाचे, हा या गाडीवाल्यांचा नित्यक्रम आहे. त्यांत मोठ्या नव्या गाड्या असतात, तशाच पंधरा-वीस वर्षे राबलेल्या, दोनदा रंग बदललेल्या छोट्या पिकअपही असतात. अशा जुन्या पिकअपचा मालक बहुधा स्वतःच तिचा चालक असतो. घरातील माणसांची पावले न पाहता ओळखू यावीत, तसे तिचे सगळे आवाज त्याच्या कानांना ओळखीचे असतात. म्हणूनच एखाद्या रात्री त्या नेहमीच्या घरघरीत एक अनोळखी ठोका मिसळला, की त्याचे काळीज चरकते.

हे चरकणे निराधार नसते. इंजिन उतरवून उघडावयाचे म्हणजे गाडी कित्येक दिवस गॅरेजात उभी राहावयाची. त्या कामाचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो. शिवाय गाडी उभी म्हणजे भाडे बंद, आणि रोजचा व्यापारी एकदा दुसऱ्या गाडीकडे वळला की परत येईलच असे नाही. उलटपक्षी, आवाजाकडे काणाडोळा करून आणखी चार फेऱ्या रेटल्या, तर थोडक्यात भागणारे काम अनेक पटींनी वाढते. क्वचित पिस्टनचा दांडा मोडून इंजिनाच्या अंगालाच भोक पडते, आणि हे घडावयाचे ते भरल्या गाडीनिशी, मध्यरात्री, घाटात. जे उघडावयास नको ते उघडणे ही एक चूक. जे उघडावयास हवे ते तसेच चालविणे ही दुसरी. या दोहोंच्या मधून वाट काढणे म्हणजेच निदान होय.

निदानाची पहिली पायरी कानाची नाही, डोळ्याची आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे जाऊ द्यावीत आणि तेलाची पट्टी काढून पाहावी. इंजिनाचा मुख्य शाफ्ट, ज्याला क्रँक म्हणतात, तो आपल्या बेअरिंगांवर प्रत्यक्ष टेकून फिरत नाही. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास फट असते आणि त्या फटीत तेलाचा दाबलेला पडदा असतो. त्या पडद्यावर शाफ्ट तरंगतो, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. तेल कमी झाले, अथवा त्यात डिझेल मिसळून ते पातळ झाले, की पडदा फाटतो आणि धातू धातूवर आदळू लागतो. पट्टीवरील तेल खुणेच्या खाली असणे जसे वाईट, तसेच ते कोणी न घालता खुणेच्या वर चढलेले असणे आणि त्याला डिझेलचा वास येणे हेही वाईटच. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागलेला नाही एवढ्यावर मात्र निश्चिंत राहू नये. दाब फारच खाली गेल्यावाचून तो दिवा पेटत नाही. खरा दाब मिस्त्रीने मीटर लावूनच पाहावयाचा असतो. आवाज आला आणि दिवाही लागला, तर पुढील सगळी चर्चा थांबवावी, इंजिन तत्काळ बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.

तेल ठीक आहे असे दिसल्यावर प्रश्नांना आरंभ होतो. पहिला प्रश्न असा की, हा आवाज खरोखर इंजिनाचाच आहे काय? गाडी उभी करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून रेस द्यावी. ठोका रेसबरोबर वाढला तर तो इंजिनाचा अथवा त्याला जोडलेल्या भागांचा. गाडी उभी असताना तो मुळीच ऐकू येत नसेल आणि चाकांच्या गतीबरोबर वाढत असेल, तर शोध मागील बाजूस घ्यावा. प्रोपेलर शाफ्टचा सांधा किंवा चाकाचे बेअरिंगही चालकाला इंजिनाचा भास देतात. क्लचचीही परीक्षा येथेच होते. क्लच दाबताच जी घरघर सुरू होते ती बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगची, आणि न्यूट्रलमध्ये असताना जी क्लच दाबताच थांबते ती गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगची.

दुसरा प्रश्न गाडी थंड आहे की गरम, हा. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो आणि ज्या सिलिंडरात तो खालीवर होतो तो बिडाचा असतो. उष्णतेने अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. म्हणून झिजलेल्या इंजिनात पहाटेच्या थंडीत पिस्टन सैल असतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर आदळून पोकळ ठकठक करतो. पाच-दहा मिनिटांत तो फुगून जागेवर बसला की आवाज विरतो. हे इंजिनाच्या वयाचे लक्षण आहे, अंतकाळाचे नव्हे. अशी गाडी तेलाकडे लक्ष ठेवून पुष्कळ काळ चालविता येते. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असेल, तर तेथून निसटणारा धूरही टकटक करतो आणि धातू तापून फट मिटली की तोही आवाज कमी होतो. मात्र त्या जागी काजळीचा काळा पट्टा उमटलेला दिसतो. बेअरिंगचा ठोका याच्या उलट वागतो. थंड, दाट तेल त्याला झाकून ठेवते. तेल तापून पातळ झाले की तो उघडा पडतो. पहाटे न येणारा आणि घाट चढून आल्यावर येऊ लागणारा ठोका म्हणूनच अधिक चिंतेचा.

तिसरा प्रश्न भाराचा, आणि तो विचारण्यास घाटासारखी जागा नाही. चढताना इंजिन गाडीला ओढते. उतरताना चालकाने एक्सलरेटरवरून पाय काढला, की गाडीच इंजिनाला फिरवू लागते. या दुसऱ्या अवस्थेत जुन्या डिझेल गाडीचा पंप सिलिंडरांना डिझेल देणे थांबवितो. म्हणजे यंत्र फिरत असते, पण आत जाळ होत नसतो. जो आवाज जाळाचा आहे तो त्या वेळी नाहीसा होतो. जो झिजलेल्या भागांचा आहे तो राहतो. पिस्टनच्या दांड्याचे बेअरिंग झिजले असेल, तर पाय उचलण्याच्या त्या क्षणी भाराची दिशा उलटते आणि ठोका अधिकच स्पष्ट होतो. शाफ्टच्या मुख्य बेअरिंगचा आवाज याहून खोल व जड असतो; भरलेली गाडी जागेवरून ओढताना तो कानांपेक्षा पायांखालच्या पत्र्याला आधी कळतो.

चौथा प्रश्न तालाचा आहे. या इंजिनांत शाफ्टचे दोन फेरे पुरे होतात तेव्हा प्रत्येक सिलिंडरात एकदा जाळ होतो आणि त्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर शाफ्टबरोबर वाजणारा दोष सेकंदाला तेरा-चौदा वेळा वाजेल आणि एखाद्या व्हॉल्व्हचा किंवा एकाच सिलिंडरातील जाळाचा दोष सहा-सात वेळा. एवढे जलद ठोके मोजणे शक्य नसते. परंतु दोन तालांची तुलना कानाला साधते. इंजिनाच्या वरच्या झाकणावर कान लावून एका टॅपेटची टिकटिक पकडावी आणि अनोळखी ठोका तिच्या जोडीने चालतो की तिच्या दुप्पट गतीने, ते पाहावे. जोडीने चालणारा ठोका बहुधा टॅपेटाचा किंवा जाळाचा असतो. दुप्पट गतीचा बहुधा शाफ्टाशी, त्याच्या पुलीशी अथवा दांड्याशी संबंधित असतो. येथे ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण दांड्याचा ठोकाही जाळाच्या वेळी अधिक जोराने पडतो. एका प्रश्नाच्या उत्तरावर निकाल देऊ नये, तो याचसाठी.

आवाज कोठून येतो हे शोधण्याची युक्ती वैद्यकाच्या इतिहासातही भेटते. पॅरिसमध्ये १८१६ साली रेने लेनेक या डॉक्टराने कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीवर टेकवून तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावला, आणि त्यातून पुढे स्टेथॉस्कोप आला. गॅरेजातील मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवून मूठ कानामागील हाडाला लावतो, तेव्हा तो हेच करीत असतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादात सुमारे ५००० मीटर. घन धातूतून तो ठळकपणे कानापर्यंत पोचतो आणि आसपासचा गोंगाट मागे राहतो. टोक एकेका जागेवरून सरकवीत गेले, म्हणजे जेथे आवाज सर्वांत टोकदार लागतो त्या जागेच्या आसपास मूळ असते. फिरता पंखा आणि पट्टा यांपासून हात, बाह्या व गळ्यातील गमछा मात्र दूर ठेवावा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राण घेतो. अलीकडे पुष्कळजण आवाज फोनवर टिपून मिस्त्रीकडे पाठवितात. त्याने टिकटिक आणि किंचाळी कळते. परंतु फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खोल, जड ठोका बाहेर पडतच नाही. ज्या आवाजाची सर्वाधिक भीती बाळगावयाची, नेमका तोच अशा वेळी ऐकू येत नाही.

आता संशयितांची झाडाझडती. ती नेहमी बाहेरून आत करावी, कारण बाहेरचे भाग स्वस्त असतात आणि तपासण्यास सोपे असतात. पट्टा किंचाळत असेल, तर त्यावर थोडे पाणी शिंपडताच आवाज बदलतो. अल्टरनेटर किंवा पाण्याचा पंप यांच्या बेअरिंगचा संशय असेल, तर इंजिन बंद करून पट्टा काढावा आणि इंजिन अर्धा-एक मिनिटच चालवून पाहावे. पाण्याचा पंप थांबलेला असल्याने त्याहून अधिक वेळ चालविणे धोक्याचे. आवाज गेला तर इंजिन उघडण्याचे कारणच उरले नाही. शाफ्टच्या पुढील टोकावरील पुली सैल झाली, तरी ती शाफ्टच्याच तालात ठोके देते आणि भल्याभल्यांना बेअरिंगचा भास होतो. तिचा बोल्ट व खाच तपासणे हे थोड्या वेळाचे काम आहे. त्यानंतर टॅपेट. त्यांच्यातील फट ठरलेल्या मापाची असते. ती वाढली की टिकटिक वाढते आणि फिलर गेजने ती पुन्हा मापात आणता येते.

एवढे करूनही ठोका उरला, तर तो कोणत्या सिलिंडरात आहे हे पाहावे लागते. जुन्या डिझेल इंजिनात यासाठी एक परंपरागत चाचणी आहे. इंजिन मंद चालू ठेवून, एका वेळी एकाच सिलिंडरच्या नॉझलला जाणाऱ्या नळीचा नट थोडा सैल करावयाचा. त्या सिलिंडराला डिझेल मिळत नाही, त्यातील जाळ थांबतो, आणि दोष त्याच सिलिंडरात असेल तर ठोका दबतो किंवा नाहीसा होतो. हे काम जाणत्या मिस्त्रीचे आहे. डोळ्यांवर चश्मा हवा, नटाभोवती फडके हवे आणि उडणाऱ्या डिझेलपुढे हात कधीही धरावयाचा नाही. दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत शिरते, वरून जखम क्षुल्लक दिसते आणि तरीही ताबडतोब शस्त्रक्रियेची वेळ येते. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत हा दाब वातावरणाच्या हजार पटींहूनही अधिक असतो. तेथे ही चाचणी कोणीही, कधीही करू नये. त्या इंजिनांसाठी संगणकाने सिलिंडर बंद करून पाहण्याची सोय असते.

या सगळ्या पायऱ्या प्रत्यक्षात कशा जुळतात, ते घाटातल्याच एका पिकअपच्या उदाहरणाने पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ज्या बेळगावात सायकलींचे दुकान मांडले, त्या गावात यंत्राची जाण ही परकी गोष्ट नाही. उद्यमबागेच्या ओतकामाच्या व यंत्रकामाच्या कारखान्यांतून आणि आसपासच्या गॅरेजांतून ती आजही हातांहातांत उतरत असते. समजा, अशाच एका वयस्क मिस्त्रीकडे एक तरुण गाडीवाला आला आहे. गाडी जुनी, पिकअप, ठोका स्पष्ट, आणि आधीच्या गॅरेजाने निकाल दिलेला.

“मामा, तिकडं बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवाय पाहिजे म्हणालेत.”

“उतरवूया की, त्याला काय. पण आधी सांग, घाट उतरताना पाय काढलास की आवाज ऱ्हातोय का जातोय?”

“जातोय.”

“आणि चढताना?”

“चढताना तर लई. धूरबी काळा मारतोय.”

या चार वाक्यांत निम्मे निदान झाले. पाय काढताच जाणारा ठोका जाळाचा असण्याचा संभव अधिक. दांड्याचा असता तर त्याच क्षणी तो अधिक वाजता. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. परंतु मिस्त्री संभवावर थांबत नाही. तो तेल पाहतो. पातळी बरोबर, वास नाही. दाबाचे मीटर लावतो. गरम इंजिनाचाही दाब पुरेसा आहे. थोडे तेल काढून पांढऱ्या कपड्यावर पसरतो. बेअरिंग झिजले असते तर उन्हात धातूची चमक दिसली असती, ती दिसत नाही. मग तो एकेक नट सैल करतो. पहिल्या, दुसऱ्या सिलिंडरला ठोक्यात फरक नाही. तिसऱ्याला तो एकदम थांबतो.

येथे घाईचा मिस्त्री फसतो. तिसऱ्या सिलिंडरात दोष आहे एवढेच सिद्ध झाले. तो नॉझलचा की दांड्याचा, हे अद्याप ठरलेले नाही. जाळ बंद झाला की दांड्यावरील जोरही कमी होतो, त्यामुळे झिजलेले बेअरिंगसुद्धा या चाचणीत गप्प बसते. म्हणून आपला मिस्त्री इंजिन बंद करतो, पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरांची नॉझले काढतो, त्यांची अदलाबदल करतो, खालचे तांब्याचे वॉशर नवे घालतो आणि इंजिन पुन्हा सुरू करतो. पुन्हा नट सैल करण्याची फेरी होते. आता तिसरा नट सैल करूनही ठोका चालूच राहतो आणि पहिला सैल करताच थांबतो. दांडा आपली जागा सोडून पहिल्या सिलिंडरात जाऊ शकत नाही. नॉझल गेले, त्याच्याबरोबर ठोका गेला. दोष नॉझलचाच.

ते नॉझल तपासणीच्या पंपावर लावल्यावर कारणही दिसते. निरोगी नॉझल डिझेलची अतिशय बारीक फवार मारते आणि झटकन बंद होते. हे नॉझल फवारण्याऐवजी थेंब गाळते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेनेच इंधन पेटते, आणि मोठे थेंब लगेच पेटत नाहीत. ते क्षणभर साचतात आणि मग एकदम भडकतात. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसावा तसा तो भडका बसतो, आणि त्याचाच आवाज घाटभर ऐकू येत असतो. असे नॉझल तसेच चालविले, तर पिस्टनचे डोके जळू शकते. म्हणजे दुरुस्ती टाळावयाची नव्हतीच. टाळावयाचे होते ते इंजिन उतरविणे. नवी नॉझले बसवून गाडी दुसऱ्या दिवशी भाड्याला जाते.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनाही यातून काही घेता येईल. विकणारा कधी कधी दाट तेल भरून बेअरिंगचा ठोका काही दिवसांपुरता झाकतो, किंवा ग्राहक येण्याआधीच इंजिन तापवून पिस्टनची ठकठक लपवितो. म्हणून बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करावी, ते स्वतः सुरू करून ऐकावे, आणि मग चांगले तापवून, चढावर नेऊन पुन्हा ऐकावे. एकाच अवस्थेत ऐकलेले इंजिन अर्धेच ऐकलेले असते. गाडीवाल्यानेही गॅरेजात जाण्यापूर्वी थंड की गरम, चढ की उतार, पाय दाबल्यावर की काढल्यावर, एवढे तरी लक्षात ठेवून जावे. ही माहिती मिस्त्रीला कोणत्याही हत्याराने मिळत नाही, ती फक्त चालकाजवळ असते.

शेवटी, त्या पिकअपच्या बाबतीत एक शक्यता विसरून चालणार नाही. नॉझलांची अदलाबदल केल्यानंतरही ठोका तिसऱ्याच सिलिंडरात राहिला असता, तर तोच मिस्त्री खालचे चेंबर उतरवून दांड्याचे बेअरिंग पाहण्यास बसला असता, आणि त्याने गाडीला त्या रात्री घाट दाखवू दिला नसता. मालकाने कितीही गळ घातली असती, व्यापारी कितीही खोळंबला असता, तरी नाहीच. ज्या पद्धतीने आज त्याचे पैसे वाचविले, तीच पद्धत उद्या त्याला खर्च करावयास लावील. आणि दोन्ही वेळी तिचे म्हणणे मानावयाची तयारी असेल, तरच तिच्याकडे जाण्यात अर्थ आहे.